कोरी तार

नवी तार लावून दिल्यावर गिऱ्हाईक जे तोंड करतं ते मला आता पाठ झालं आहे. तंबोरा हातात घेताना चेहरा खुललेला असतो. चकचकीत तारा, पुसलेला भोपळा, नवे मणी. मग बोट फिरतं आणि कपाळाला आठी पडते. "असा काहून वाजते हा? पत्र्यावानी?" कोणी बोलून दाखवतं, कोणी नुसतीच जोड पुन्हा पुन्हा छेडून माझ्याकडे बघत राहतं. ती काळवंडलेली, गंज धरू लागलेली जुनी तारच बरी होती असं त्यांना वाटायला लागतं, आणि ते अगदीच खोटं नसतं.

मी यवतमाळात वाद्यं दुरुस्त करतो. पोट चालतं ते पेटीचे भाते, तबल्याच्या पुड्या आणि ऑर्केस्ट्रावाल्या पोरांच्या गिटारींवर. तंबोरे, सतारी, भजनी मंडळांच्या वीणा वर्षाकाठी मोजक्याच येतात. तरी इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वाद कशावरून झाले असतील तर नव्या तारेवरून. भाता फाटला तर फाटला, त्यात मतभेदाला जागा नाही. नव्या तारेचा आवाज मात्र प्रत्येकाला आपल्या कानाप्रमाणे ऐकू येतो.

आधी तार लावल्यावर होतं काय ते सांगतो. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पंचम आणि जोडीच्या दोन पोलादाच्या, खर्जाची पितळेची. रिळावरून काढलेल्या तारेला गोल राहायची सवय असते. ती सरळ ताणली तरी थोडा पीळ आत उरतोच. लावताना मुरड पडली तर ती तार कधीच खरी बोलत नाही, सरळ फेकून द्यावी. लोकांना वाटतं नवी तार ताणून ताणून लांब होते म्हणून उतरते. पोलाद त्या मानाने फारसं ताणलं जात नाही. घट्ट होत जाते ती तारदानाजवळची फासाची गाठ आणि खुंटीवरचे वेढे. वेढे एकावर एक चढवले असतील तर ती तार आठवडाभर उतरत राहील, आणि दोष खुंटीला लागेल. म्हणून वेढे एकाशेजारी एक, लगत. मग तारेवरून अंगठा दाबून दोन-तीनदा वरपासून खालपर्यंत न्यायचा, सूर थोडा चढा ठेवायचा आणि तंबोरा कोपऱ्यात उभा करून विसरायचा. यातलं विसरणं सगळ्यात अवघड.

हे झालं उतरण्याचं. आवाजाची गोष्ट वेगळी आहे. कोऱ्या तारेवर ना घाम, ना धूळ, ना गंज. तिचे वरचे बारीक स्वर अडवायला काही नसतं, ते सगळेच्या सगळे बाहेर पडतात. त्यात तंबोऱ्याची घोडी. तिचा माथा किंचित उताराचा असतो आणि तार त्या उतारावर लोळत जाते. जवारी म्हणतात ती हीच. एका महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे सर सतार घेऊन यायचे, त्यांनी मला सांगितलं की सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहून ठेवलंय. पुस्तकी नियम असा की तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांची स्थिर जागा असते ते स्वरांश उमटू नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, त्या वक्र घोडीमुळे. सर हे मोठ्या कौतुकाने सांगत होते. माझ्या मनात आलं, मग नवी तार लावल्यावर नको ते सगळं ऐकू येतं त्यात नवल काय?

आणखी एक. जुन्या तारेने घोडीच्या हाडावर आपली बारीक वाट पाडलेली असते. नवी तार त्या वाटेत बरोबर बसेलच असं नाही. एका केसाने इकडे-तिकडे झाली तरी आवाज कधी बोथट, कधी खरखरीत. तारेखालचं सूत सरकवून हे पुष्कळ सांभाळता येतं. आमचा जिल्हा कापसाचा, तेव्हा सुताला तोटा नाही. पण नेमका कोणता धागा चालतो यावरही मी लोकांना भांडताना पाहिलंय.

मी हे काम शिकलो मिरजेत. धामणगावला महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची ती दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरवायची. उन्हाने करपलेल्या आमच्या भागातून गेलेल्या पोराला ते गाव म्हणजे निराळाच मुलूख वाटला. गल्लीच्या गल्लीत भोपळे टांगलेले, ते यायचे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तुणीच्या लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. तिथल्या धंद्याचं मूळ शिकलगारांत आहे. हत्यारांना धार लावणारी ही माणसं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम ओसरलं तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांत हात घातला आणि पुढे अख्खी सतारमेकर गल्ली उभी राहिली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, ते स्वतः तंबोऱ्याच्या जवारीचे मोठे जाणकार. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इकडच्या दोन-चार जणांनी मलाच पेढे मागितले, जणू मीच अर्ज केला होता.

ज्यांच्या हाताखाली मी होतो त्या चाचांनी मला बरेच दिवस कानशीला हात लावू दिला नाही. माझं काम एकच. नव्याने तारा चढवलेले तंबोरे भिंतीला ओळीने उभे असायचे; सकाळी प्रत्येक तंबोरा लावायचा, संध्याकाळी पुन्हा लावायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं, हे काय शिक्षण आहे? जवारी शिकायला आलो आणि खुंट्या पिळत बसलोय. एकदा एका तंबोऱ्याची खरखर मला सहन होईना. घोडीवर जरा कानस फिरवली की झालं, असं मी म्हटलं. चाचा म्हणाले, "आधी तार बसू दे, मग तू बस." चार-पाच दिवसांनी त्यांनी तोच तंबोरा माझ्यासमोर ठेवला. घोडीला कोणी बोटही लावलेलं नव्हतं. खरखर गेली होती. अगदी साफ गेली असं नाही, पण उरली होती ती हवी तेवढीच.

जवारी काढणं म्हणजे हाड घासणं. घासलेलं हाड परत येत नाही. कोऱ्या तारेचा चढा आवाज हाड घासून दाबला, तर तार बसल्यावर तोच तंबोरा बंद होतो, मुका वाजतो. मग पुन्हा घासा. असं करत करत घोडीचा माथा खाली जातो, तारांची उंची बिघडते आणि शेवटी नवी घोडी बसवायची पाळी येते. यवतमाळला परतून दुकान टाकल्यावर हे मी लोकांना समजावू लागलो आणि लक्षात आलं की समजावण्याचे पैसे मिळत नाहीत. कानस चालवली की गिऱ्हाईक खिशात हात घालतं. "आठ दिवस ठेवून जा, मी काही करणार नाही, नुसता लावत राहीन" असं म्हटलं की ते दुकानाबाहेरच्या पाटीकडे बघतं.

पुसदच्या एका गायनाच्या बाई याच कारणाने रागावून गेल्या. चारही तारा त्यांच्याच आग्रहाने बदलल्या होत्या आणि त्यांना जवारी त्याच दिवशी हवी होती. मी नाही म्हटलं. त्यांनी ती दुसरीकडून करून घेतली. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा एक विद्यार्थी तो तंबोरा घेऊन माझ्याकडे आला. सूत कुठेही सरकवा, आवाज उघडेना. नवी घोडी बसवली. बाईंचा निरोप आला तो फक्त खर्चाबद्दल. बरोबर असण्याने गिऱ्हाईक परत येतंच असं नाही, हे धंद्यात लवकर कळतं.

जोडीवरूनही अशीच कटकट. जोडीतली एक तार तुटली की मी दोन्ही बदलतो. एक जुनी, एक नवी अशा दोन तारा एका सुरात लावल्या तरी त्यांचा रंग जुळत नाही. एक बोलते, दुसरी हुंकार देते. जोडीचं सगळं सौंदर्य दोघींच्या एकपणात. पण दोन तारांचे पैसे घेतले की, "एकच तुटली होती ना भाऊ?" हा प्रश्न ठरलेला. एका किराणा दुकानदाराने तर मला तराजूतला काटा मारणाराच ठरवलं होतं. त्याच्यासमोर मी एकच बदलून दिली, त्याने ऐकली, काही न बोलता दुसरीचे पैसे काढून ठेवले. असं गिऱ्हाईक विरळा.

नव्या तारेकडे बघण्याची माझी नजर बदलली ती मात्र तंबोऱ्यामुळे नव्हे, वारकऱ्याच्या वीणेमुळे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवायची नसते. रात्रंदिवस ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. एक विणेकरी थकला की उभ्याउभ्याच दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मी तिथे गेलो होतो पेटीच्या कामाला. मध्यरात्रीनंतर वीणेची तार तुटली. गावात दुसरी वीणा नव्हती. विणेकरी म्हातारे, पागोटं बांधलेले, ते वीणा गळ्यातून काढायला तयार नाहीत. मग ते उभे, एक पोरगा मोबाईलची बॅटरी धरून, आणि मी त्यांच्या पोटाशी वाकून तारदानात फास अडकवतोय. बाजूला टाळ चालूच. तारेचं टोक त्यांच्या सदऱ्यात अडकलं, ते सोडवलं, खुंटीला वेढे दिले, खुंटी फिरत होती म्हणून हरिपाठाच्या फळ्याजवळचा खडू घासला. तार चढली. आवाज असा कोरा, टोचणारा की मलाच लाज वाटली. मी म्हटलं, "महाराज, सकाळपर्यंत हा असाच राहील. उतरत पण राहील."

ते म्हणाले, "देवाले चालते, तुमाले काहून नाई चालत?"

पुढे पहाटेपर्यंत मी तिथेच बसलो. विणेकरी बदलला की मी पुढे होऊन तार चढवायचो. टाळ-मृदंगात त्या तारेचा टोचरेपणा कोणालाच ऐकू येत नव्हता, एकट्या मला येत होता. तोवर मी नव्या तारेचा आवाज हा वाद्याचा दोष धरत होतो. त्या रात्री उलटा विचार सुरू झाला. आवाज तारेत आहे तितकाच ऐकणाऱ्याच्या सवयीत आहे. मेलेल्या तारेवर महिनोन्‌महिने वाजवणारा माणूस नकळत बोट जोरात मारायला लागलेला असतो, तारेतून जे निघत नाही ते हाताने काढायला बघतो. तोच हात कोऱ्या तारेवर पडला की किंचाळणारच. तेव्हापासून नवी तार लावून दिली की मी गिऱ्हाईकाला आधी बोट हलकं करायला सांगतो. नखाने नको, बोटाच्या मऊ भागाने. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते एका परदेशी वाद्यावर. वणीकडचा एक तरुण पुण्यात नोकरीला होता, तिथे त्याला फ्लामेंकोचं वेड लागलं. पाको दे लुसिया ऐकून ऐकून शिकलेला. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला, तिथल्या एका मंडळाच्या मंचावर त्याला वाजवायचं होतं, आणि कार्यक्रमाच्या सकाळी त्याने गिटारीच्या सहाही तारा बदललेल्या. दुपारी घामाघूम होऊन दुकानात आला. "भाऊ, हा आवाज मले नाई पाह्यजे. काही लावा, तेल लावा, पण हा मारा."

ती गिटार मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. सायप्रसचं लाकूड, आपल्या नेहमीच्या गिटारीपेक्षा हलकी, पोटावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली, कारण हे लोक वाजवता वाजवता लाकडावर बोटांनी टकटक करतात. तारा पडद्यांना इतक्या लगत की जोरात छेडलं की किंचित चरचरतात. मी म्हटलं, हे दुरुस्त करायचं आहे का? तो म्हणाला, नाही, ते तसंच हवं असतं. मला हसू आलं. आपण घोडीत जवारी ठेवतो, स्पेनची माणसं पडद्यात ठेवतात.

बारीक तीन तारा नुसत्या नायलॉनच्या. जाड तीन तारांच्या पोटात नायलॉनच्या बारीक तंतूंचा झुपका आणि वरून चांदीचं पाणी दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे. पूर्वी या तारा आतड्याच्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा दोरा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला, वाद्यांना मिळेना, आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा करून आंद्रेस सेगोव्हियांसारख्या वादकापर्यंत पोचवल्या. नायलॉन खरोखर ताणलं जातं, पोलादासारखं नाही, म्हणून सूर दिवसभर खाली घसरतो. त्या तरुणाची खरी चीड मात्र जाड तारांवर होती. वेढे कोरे, त्यांच्या खाचांत बोटांचा मळ-घाम अजून भरलेला नाही. त्यामुळे आवाज धातूचा, आणि डावा हात सरकला की चर्र.

तेल लावायला मी साफ नकार दिला. तेल खाचांत सारखं बसत नाही, तार जागोजागी जड होते आणि मग वरच्या पडद्यांवर सूर खोटा येतो. त्याऐवजी त्याला समोर बसवलं आणि तासभर नुसता वाजवत ठेवला, गाणं नाही, सरसकट सगळ्या तारांवर हात. अधूनमधून सुती फडक्याने तारा पुसायच्या, पुन्हा सुरात घ्यायच्या. उजवा हात घोडीशेजारून उचलून मधल्या भोकाकडे आणायला सांगितला, तिथे आवाज गोल निघतो. नखं मी पाहिली तर कडेला खडबडीत. बारीक पॉलिश पेपरने घासायला लावली. हा तर जुन्या तारेवर इतके दिवस झाकून राहिलेला त्याचा स्वतःचाच आवाज होता.

संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. खरं सांगायचं तर साउंडवाल्याने वरच्या पट्टीचं बटण जरा खाली आणलं, त्याने माझ्या दुपारभराच्या खटाटोपापेक्षा जास्त काम केलं. लोकांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या दिल्या आणि मग गरब्याचं गाणं मागितलं. तो तरुण अजून येतो. आता जाड तारा वेगळ्या बदलतो, बारीक वेगळ्या, कारण जाड फार आधी मरतात. त्यातही चौथी सगळ्यात आधी, पडद्यावर घासून तिचे वेढे झिजतात. आणि बदलतो ते कार्यक्रमाच्या चार दिवस आधी.

प्रत्येकाला बसलेलीच तार हवी असते असंही नाही. ऑर्केस्ट्रातल्या पोरांना कोरीच हवी. त्यांच्या पोलादी तारा दोन कार्यक्रमांत घामाने काळ्या पडतात आणि ती लगेच नव्या मागतात. मागे बँड, ढोल, कीबोर्ड, त्यातून बाहेर यायला त्यांना तो टोकदारपणा लागतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. भजनी मंडळवाल्यांना काय हवं ते त्यांच्या पेटीवर ठरतं. एक शेतकरी तुणतुणं घेऊन यायचा, तो नवी तार बघून म्हणायचा, "गोऱ्हा हाय अजून, जुवाले लागू द्या." त्याच्याइतकं चांगलं मला कोणाला सांगता आलेलं नाही.

आमच्या हवेचा हिशेब मिरजेत शिकवलेला नव्हता, तो इथेच शिकावा लागला. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, लाकूड सुकतं, खुंट्या सैल होतात, लावलेला तंबोरा रात्रीत उतरतो आणि दोष नव्या तारेवर येतो. पावसाळ्यात उलट, खुंट्या फुगून अडकतात आणि पोलादाच्या तारेवर आठवड्यात तांबूस ठिपके. गवसणीत घालून ठेवलेल्या तंबोऱ्याला तर जास्तच, कारण आत दमट हवा कोंडते. म्हणून जूनमध्ये तार बदलायला येणाऱ्यांना मी जमलं तर दिवाळीपर्यंत थांबवतो. तेवढी कमाई बुडते. बुडू द्यावी लागते.

हल्ली मुलं मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतात. त्याची तार कधी नवी नसते आणि कधी जुनीही होत नाही. एका मुलीने मला विचारलं होतं, "काका, तुमचा तंबोरा रोज वेगळा का वाजतो?" तिला मी दोन दिवस रोज नव्या तारेच्या तंबोऱ्यासमोर बसवून ऐकवलं. तिसऱ्या दिवशी तिची शाळा सुरू झाली. पुढे तिने काय केलं माहीत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या की दुकानात वर्दळ होते. वर्षभर कोपऱ्यात पडलेले तंबोरे, त्यावर लग्नपत्रिका ठेवलेल्या, ते एकदम आठवतात. पंधरा दिवस आधी आणा, असं मी फळ्यावर लिहून ठेवलंय. तरी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईबाप तंबोरा घेऊन दारात उभे असतातच, नव्या तारा घाला म्हणून. त्यांच्या जुन्या तारा मी कोरड्या फडक्याने पुसतो, सूत जागेवर आणतो, खुंट्यांना खडू लावतो, पोराच्या पट्टीला तंबोरा लावून देतो आणि पैसे घेत नाही. नव्या तारा परीक्षा झाल्यावर.